कोरड्या हवेतली गिटार: सोलापुरात घरच्या घरी दुरुस्ती आणि बांधणी शिकताना

सोलापुरात गिटारीचं काम शिकायचं ठरवलंत तर पहिली खरेदी रंध्याची किंवा करवतीची करू नका. हवेतली आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर घ्या. हायग्रोमीटर म्हणतात त्याला, काही शे रुपयांत मिळतो. व्हिडिओ बघून शिकणारी बरीच मुलं थेट ट्रस रॉडच्या (नेकच्या, म्हणजे गिटारीच्या दांड्याच्या, आतली वाकण सावरणारी सळई) चावीला हात घालतात. मार्चमध्ये नीट लावलेली गिटार ऑगस्टमध्ये पुन्हा का बिघडली, हे मग त्यांना उलगडत नाही. व्हिडिओतल्या कारागिराच्या खोलीत बारा महिने आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राखलेली असते. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी ती २०–२५ टक्क्यांवर येते आणि पावसाळ्यात सकाळी ८० टक्क्यांपर्यंत चढते. गिटारीला मानवते ती ४५ ते ५५ टक्के.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओलावा सोडताना ते रेषांच्या आडव्या अंगाने आकसतं, उभ्या अंगाने जवळजवळ नाहीच. मोठ्या अकूस्टिक गिटारीची वरची फळी खालच्या बाजूला साधारण ४०० मिलीमीटर रुंद असते. आर्द्रता ५० वरून २५ टक्क्यांवर आली आणि तशीच राहिली, तर एवढी मोकळी फळी दोनेक मिलीमीटर आकसेल. पण गिटारीतली फळी मोकळी नसते. कडेने ती बाजूच्या पट्ट्यांना चिकटलेली असते आणि आतून ब्रेसेसनी, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्यांनी, धरलेली असते. आकसायला जागाच नाही म्हटल्यावर ती रेषेत तडकते, बहुधा ब्रिजच्या (फळीवर तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा) मागे किंवा फ्रेटबोर्डच्या (नेकवरची, बोटं ठेवायची पट्टी) शेजारी. तडकण्याआधी ती खुणा मात्र देते. नेकच्या कडेला फ्रेटची, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बोटांना बोचू लागतात, वरची फळी साऊंडहोलपाशी किंचित खाली बसते, तारा फ्रेटच्या जवळ येतात आणि खरखरतात. पावसाळ्यात सगळं उलटं होतं: फळी ब्रिजमागे फुगते, तारा उंच होतात, बोटं दुखतात.

म्हणून कोणतीही तक्रार आली की आधी मीटर बघायचा, मग अवजार उचलायचं. एप्रिलमध्ये खरखरणाऱ्या गिटारीचं सॅडल (ब्रिजमधली, तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) उंच करून ठेवलंत, तर जुलैत ती वाजवण्यापलीकडे जाईल.

स्वस्त मीटर पाच-सात टक्क्यांनी चुकू शकतो, म्हणून तो तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, वर पाणी साचू देऊ नका. ते झाकण आणि मीटर घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ७० दाखवत असेल, तर इथून पुढे त्याच्या आकड्यात पाच मिळवायचे. तो आकडा मीटरच्या मागेच चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

उन्हाळ्यात गिटार केसमध्ये ठेवा. प्लास्टिकच्या सोपकेसला भोकं पाडा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घाला आणि ती केसमध्ये नेकच्या डोक्याजवळ ठेवा. स्पंज ठिबकता कामा नये, लाकडाला लागता कामा नये. दोन-तीन दिवसांनी पुन्हा ओला करा. आपल्याकडे घरोघरी असतो तो पाण्याचा कूलरही इथे उपयोगी पडतो, कारण तो खोलीतली आर्द्रता वाढवतो. फक्त गिटार त्याच्या थेट झोतात टांगू नका. माळ्यावर, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत गिटार ठेवायची नाही. गाडीतल्या उष्णतेने आतला पांढरा डिंक मऊ पडतो आणि तारांच्या ओढीने ब्रिज उखडतो.

जागा आणि अवजारं

वेगळी कार्यशाळा लागत नाही. एक मजबूत टेबल, त्यावर जुनी सोलापुरी चादर दुमडून टाकलेली आणि नेकखाली टेकू म्हणून पुस्तकांचा गठ्ठा, एवढ्यावर दुरुस्तीचं बहुतेक काम होतं. करवत आणि घासकाम गच्चीवर किंवा बाल्कनीत करा. शिसवीची आणि सागवानाची धूळ बऱ्याच जणांच्या नाकाला आणि त्वचेला बाधते, त्यामुळे मास्क लावल्याशिवाय घासायचं नाही. तारा कापताना आणि ताणताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

गिटारीची खास अवजारं परदेशातून मागवली की महाग पडतात. सुरुवातीला त्यांच्या जागी गावातल्या दुकानांतल्या वस्तू पुरतात. फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पात्या) ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं. नटाच्या (नेकच्या डोक्यापाशी तारा ज्यातून जातात ती खाचांची पट्टी) खाचा खोल करायला वेल्डिंगच्या सामानात गॅसच्या नोझल साफ करायच्या खरबरीत तारांचा संच मिळतो. त्यातल्या वेगवेगळ्या जाडीच्या तारा बारीक कानशीचं काम करतात. काचवाल्याकडून जाड काचेचा हातभर तुकडा कडा घासून घ्या. त्यावर पॉलिश पेपर चिकटवला की सपाट घासायला याहून चांगली जागा नाही. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या चौकोनी सेक्शनचा सरळ तुकडा मागून घ्या, तो फ्रेट समतल करायला लागेल. याशिवाय अर्ध्या मिलीमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, गुण्या, धारदार पटाशी, त्रिकोणी कानस, चार-पाच क्लॅम्प आणि मास्किंग टेप. पैसे कमी असतील तर बाकीचं मागे ठेवा, पण स्टीलची पट्टी चांगली घ्या.

पहिली गिटार कोणती उघडायची

स्वतःची आवडती नाही. ओळखीत कुणाच्या तरी कपाटावर तारा गंजलेली, धूळ खात पडलेली गिटार असतेच, ती मागा. घेण्याआधी डोक्याच्या बाजूने एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडा बघा. नेक धनुष्यासारखी पुढे वाकलेली असेल तर चालेल. ती पिळलेली असेल, म्हणजे एक कड एकीकडे आणि दुसरी दुसरीकडे जात असेल, तर ती सोडून द्या. ब्रिज उचललेला, फळीला चीर, खुंटी तुटलेली, हे सगळं दुरुस्त होतं. पिळलेल्या नेकवर नवख्याने वेळ घालवू नये.

सेटअप: याच क्रमाने

सेटअप म्हणजे गिटार बोटांना हलकी आणि कानाला सुरेल लागेल अशी जुळवणं. यातली प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीवर परिणाम करते, म्हणून क्रम मोडायचा नाही. दर वेळी मोजण्याआधी गिटार पूर्ण सुरात लावा. हलक्या स्टील तारांच्या संचाची एकूण ओढ सत्तर किलोच्या वर जाते. तारा सैल असताना घेतलेलं माप खोटं असतं.

आधी नेकची वाकण बघा. पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सर्वांत जाड तार नेक जिथे अंगाला मिळते त्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांतली फट फीलर गेजने मोजा. ०.२ ते ०.२५ मिलीमीटर असावी. जास्त असेल तर ट्रस रॉडची चावी घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, गिटार पुन्हा सुरात लावा आणि पुन्हा मोजा. फट नसेलच तर उलट दिशेने. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. चावी जड वाटली तर थांबा. ट्रस रॉड तुटला तर तो बदलायला फ्रेटबोर्ड उखडावा लागतो. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारीत बहुधा ट्रस रॉड नसतोच, तो शोधत बसू नका. आणि तारांची उंची कमी करायला ट्रस रॉड वापरायचा नाही. त्याचं काम नेकच्या वाकणीपुरतं आहे, उंची नटावर आणि सॅडलवर ठरते.

दुसरा टप्पा नट. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. केसाएवढी फट हवी, म्हणजे तारेवर बोटाने टकटक केलं तर बारीकसा टिक आवाज यावा. फट मोठी असेल तर पहिल्या फ्रेटवरचा सूर चढा लागतो आणि एफ कॉर्डचा बार (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबणं) धरताना शिकणाऱ्याची बोटं हरतात. गिटार सोडून देणाऱ्या कित्येकांचा दोष बोटांचा नसतो, उंच नटाचा असतो. खाच खोल करताना कानस डोक्याच्या दिशेने खाली उतरती धरा. तार खाचेच्या पुढच्या, फ्रेटबोर्डकडच्या कडेवर टेकली पाहिजे. खाच सपाट झाली तर तार तिच्यावर घासत राहते आणि गिटार सतारीसारखी झणझणते. मिरजेचे कारागीर सतारीची आणि तानपुऱ्याची घोडी घासून हीच झणझण मोठ्या कौशल्याने मिळवतात, तिला जवारी म्हणतात. गिटारीत ती नको असते. कारण मात्र दोन्हीकडे एकच आहे: कंप पावणारी तार रुंद पृष्ठभागाला हलकेच शिवत राहते. हे एकदा डोळ्यांनी बघून घेतलं की खरखरीचं मूळ शोधणं फार सोपं होतं.

खाच जास्त खोल गेली तर घाबरू नका. खाचेत चिमूटभर खायचा सोडा दाबून भरा आणि त्यावर फेव्हिक्विकचा एक थेंब सोडा. तो लगेच दगडासारखा घट्ट होतो. या वेळी वाफ येते, तोंड लांब ठेवा. मग पुन्हा घासा. सरावाच्या गिटारीला हे पुरतं. चांगल्या गिटारीला हाडाचा नवा नट घाला.

तिसरं सॅडल. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. अकूस्टिकला जाड ई तारेखाली २.४ मिलीमीटर आणि पातळ ई तारेखाली १.८ मिलीमीटरच्या आसपास ठेवून सुरुवात करा. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे तिथे जेवढं कमी करायचं त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढावं लागतं. उंची ३ मिलीमीटर असेल आणि २.४ हवी असेल, तर सॅडलच्या तळातून १.२ मिलीमीटर घासायचं. पेन्सिलने रेघ मारा, काचेवरच्या पॉलिश पेपरवर सॅडल उभं धरून घासा, अधूनमधून गुण्याने तळ तपासा. तळ वाकडा झाला तर आवाजातली ताकद जाते. रेघेच्या थोडं अलीकडे थांबा आणि तारा लावून बघा, उरलेलं नंतर घासता येतं. घासून सॅडल ब्रिजच्या वर दोन मिलीमीटरही उरत नसेल, तर आजार नेकच्या कोनाचा आहे आणि ते काम जाणत्याकडे न्यायचं.

हे सगळं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आर्द्रता पन्नासच्या जवळ असताना केलंत तर गिटार दोन्ही ऋतूंत सांभाळून घेते. मे महिन्यातच करायची वेळ आली, तर आधी दहा-पंधरा दिवस गिटार ओल्या स्पंजाच्या केसमध्ये ठेवा. फ्रेटची टोकं बोचतात म्हणून लगेच कानस लावू नका. ओलावा परत मिळाल्यावरही जी बोचतील तेवढीच घासा.

फ्रेट

एका विशिष्ट जागीच तार खरखरत असेल तर पुढचा फ्रेट उंच आहे. एकाच वेळी तीन फ्रेटवर टेकेल अशी छोटी सरळ पट्टी घ्या. ती मधल्या फ्रेटवर डुगडुगली तर तो उंच. तो नीट बसलेला नसेल तर लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हातोडीने ठोकून बघा, कित्येकदा एवढ्यावर भागतं.

सगळेच फ्रेट झिजलेले असतील तर ते समतल करावे लागतात. तारा काढा, ट्रस रॉडने नेक सरळ करा आणि फ्रेटबोर्डवर मास्किंग टेप लावा. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करने शाई लावा. ॲल्युमिनियमच्या सेक्शनला ३२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून नेकच्या लांबीने हलक्या हाताने फिरवा. सगळ्या माथ्यांवरची शाई पुसली गेली की थांबा, एकही फेरी जास्त नको. आता माथे सपाट झालेत, त्यांना पुन्हा गोलाई द्यायची. त्रिकोणी कानशीच्या कडा आधी दगडावर घासून बोथट करा, म्हणजे लाकडाला ओरखडे येणार नाहीत. मग पुन्हा शाई लावा आणि दोन्ही बाजूंनी घासत या, मधोमध शाईची केसाएवढी रेघ उरेपर्यंत. शेवटी ६००, १०००, २००० नंबरच्या कागदाने चकाकी आणा. याला पूर्ण रविवार जातो, तो द्यावा.

उखडलेला ब्रिज आणि चीर

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाची चिटोरी सरकवून बघा. ती आत जात असेल तर ब्रिज पूर्ण काढून पुन्हा चिकटवा. फटीत डिंक ओतून वरून दाबणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात तेच काम पुन्हा करणं. ब्रिजवर मोत्यासारखे दोन ठिपके असतील तर त्यांच्याखाली स्क्रू आहेत का बघा आणि आधी ते काढा. सॅडलही काढून ठेवा. भोवतालच्या फळीवर पुठ्ठा आणि त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा. मध्यम तापलेली इस्त्री कापडावरून ब्रिजवर टेकवा. पुट्टीची पातळ पाती गरम करून कडेने घाला आणि रेषेच्या दिशेने सावकाश पुढे सरकवा. डिंक मऊ होऊन ब्रिज सुटतो. जोर लावला तर फळीचे तंतू त्याच्याबरोबर उचलून येतात, तेव्हा उष्णता वाढवा, जोर नाही.

दोन्ही पृष्ठभागांवरचा जुना डिंक खरवडून काढा. स्वस्त गिटारींत ब्रिज बहुतेक वेळा पॉलिशवरच चिकटवलेला आढळतो आणि म्हणूनच तो निघतो. त्याच्या खालच्या जागेतलं पॉलिश काढून कच्चं लाकूड उघडं करा, पण ब्रिजच्या कडेच्या मिलीमीटरभर आत थांबा, नाहीतर ओरखडा बाहेर दिसेल.

डिंक कोणता? साधं पांढरं फेव्हिकॉल फर्निचरला उत्तम आहे, पण कायमच्या ओढीखाली आणि उष्णतेत ते हळूहळू सरकतं. सोलापुरात दोन्ही आहेत. लाकडाचा पिवळा ॲलिफॅटिक डिंक मिळाला तर तो घ्या. जुने सुतार वापरायचे तो सरस तर याहून चांगला. तो थंड पाण्यात भिजवून, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६०–६५ अंशांपर्यंत तापवायचा. उकळला की त्याची पकड जाते. तो कडक सुकतो, सरकत नाही, आणि पुढे कुणाला जोड उघडायचा झाला तर उष्णतेने आणि पाण्याने उघडतो. पण लवकर थिजतो, म्हणून आधी डिंक न लावता क्लॅम्प लावण्याची तालीम करा. साऊंडहोलमधून आतून लाकडी ठोकळ्याचा आधार द्या, तीन क्लॅम्प लावा, बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने पुसा. चोवीस तास क्लॅम्प, त्यानंतर आणखी एक दिवस तारांशिवाय विश्रांती.

चिरेचं काम त्याहून सोपं, पण धीराचं. चीर दिसली की लगेच डिंक भरू नका. गिटार ओल्या स्पंजासह केसमध्ये ठेवा. बऱ्याच चिरा आठ-दहा दिवसांत आपोआप मिटतात. मिटलेल्या चिरेवर डिंक लावून अंगठ्याने वरखाली दाबत तो आत मुरवा आणि रात्रभर हलका दाब द्या. मग आतून, चिरेला आडव्या रेषा येतील अशी हलक्या लाकडाची दोन-तीन छोटी चौकोनी ठिगळं चिकटवा. मिटण्याआधी डिंक भरलात तर पावसाळ्यात फळी फुगताना चिरेतला डिंक पाचरीसारखं काम करतो.

लाकूड

बांधणीकडे वळायच्या आधी दोन-तीन गिटारी दुरुस्त करून झालेल्या असाव्यात. हात तयार होतोच, शिवाय लाकूड वाचता येऊ लागतं.

सोलापूरकरांकडे एक ठेवा आहे: जुन्या वाड्यांच्या तुळया, चौकटी आणि हातमागांचं जुनं सागवान. दशकानुदशकं इथल्याच हवेत वाळलेलं लाकूड आता फारसं हलत नाही. वखारीत किंवा जुन्या लाकडाच्या बाजारात गेलात तर नुसता दर विचारू नका. "मालक, टोकाकडून रेषा उभ्या दिसणारा तुकडा बघू द्या," म्हणा. उभ्या रेषांचा तुकडा कमी आकसतो आणि कमी वाकतो. घरी आणल्यावर चुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर रंध्याचं पातं जाईल. सागवान तेलकट असतं, म्हणून जोड लावण्याच्या अगदी आधी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसायचा. जडही असतं, पण इलेक्ट्रिकच्या अंगाला चालतं. हलकं हवं असेल तर तून बघा. ते महोगनीच्याच कुळातलं आहे आणि मिरजेच्या सतारींतही वापरतात. फ्रेटबोर्डला आणि ब्रिजला शिसव. जगभरच्या गिटारींवर इंडियन रोजवुड म्हणून जी मिरवते, ती हीच. अकूस्टिकच्या वरच्या फळीसाठी लागणारं स्प्रूस मात्र आपल्याकडे होत नाही, ते विकतच आणावं लागतं.

ताजी कापलेली फळी मिळाली तर टोकांना रंग किंवा मेण लावून सावलीत आडवी रचून ठेवा. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, हा जुना ठोकताळा पाळा. आपल्या उन्हात घाई केली तर टोकं फाटतात.

एकदा मिरजेला जाऊन याच. पंढरपूर-सांगोल्यावरून रेल्वे जाते. शिकलगार घराण्यांनी सुरू केलेली तिथली तंतुवाद्यांची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यांचे भोपळे आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून जातात. कारागीर कामात असतात, तेव्हा परवानगी घेऊन शांत बसा आणि त्यांचे हात बघा. पटाशी कशी धरतात, कुठे थांबतात, किती वेळा ठोकून ऐकतात, हे कुठल्याही व्हिडिओत नीट दिसत नाही.

पहिली बांधणी

पहिली गिटार भरीव अंगाची इलेक्ट्रिक करा आणि नेक तयार विकत घ्या. लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास स्क्रूंनी जोडलेल्या नेकची गिटार बाजारात आणली, ती कारखान्यात सोपी पडावी म्हणून. तोच सोपेपणा नवख्याच्या कामी येतो: नेकचा कोन चुकला तर स्क्रू काढून पुन्हा बसवता येतो. पोकळ अकूस्टिकमध्ये अशी सवलत नाही.

नेक, ब्रिज आणि पिकअप (तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारा भाग) हातात आल्याशिवाय लाकूड कापू नका, मापं त्यांच्यावरूनच घ्यायची. अंग ४५ मिलीमीटर जाड. आकार आधी ६ मिलीमीटरच्या एमडीएफवर काढून, कापून, घासून साचा तयार करा. साच्यावर झालेली चूक स्वस्तात सुटते. लाकडावर मध्यरेषा पटाशीच्या टोकाने कोरा, पेन्सिलची रेघ घासताना पुसते. जिगसॉने रेघेच्या तीन मिलीमीटर बाहेरून कापा आणि मग साच्याला टेकवून राउटरने (लाकूड कोरणारं विजेचं यंत्र) कडा काढा. राउटर एका वेळी पाच-सहा मिलीमीटरच खोल न्या, दोन्ही हातांनी धरा, लाकूड टेबलाला क्लॅम्प करा. राउटर नसेल किंवा भीती वाटत असेल तर दरवाजे कोरणाऱ्या सीएनसीवाल्याकडे साचा द्या, त्यात कमीपणा नाही.

नेकचा खण साधारण १६ मिलीमीटर खोल लागतो. तो इतका घट्ट हवा की नेक बसवून अंग उचललं तर स्क्रूंशिवाय ती निसटू नये. खण झाल्यावर नेक बसवा, नटाच्या दोन टोकांच्या खाचांतून दोरा ब्रिजच्या जागेपर्यंत ताणा आणि फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून दोऱ्याचं अंतर सारखं आहे ना बघा. हे जुळल्यावरच ब्रिजची खूण करा, आधी नाही.

६४८ मिलीमीटर स्केलची (स्केल म्हणजे नटापासून सॅडलपर्यंतची तारेची ठरावीक लांबी) नेक असेल तर नटाच्या पुढच्या कडेपासून बारावा फ्रेट ३२४ वर असतो. तेवढंच पुढे मोजलं की ६४८ येतं. पातळ ई तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे असताना या रेषेवर यावं अशा रीतीने ब्रिज ठेवा. बाकीच्या तारांना मागे सरकायला जागा लागते, जाड ई तारेला तीन-चार मिलीमीटर. तार दाबताना ताणली जाऊन सूर थोडा चढतो, तो या वाढीव लांबीने भरून निघतो.

पुढे कधी फ्रेटबोर्ड स्वतः करायचा झाला तर हिशोब असा: स्केलला १७.८१७ ने भागा, तो पहिला फ्रेट. ६४८ ला ३६.३७. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागलं की दुसरा नटापासून ७०.७० वर, तिसरा १०३.१० वर. सगळ्या खुणा नटापासूनच मोजायच्या. मागच्या फ्रेटपासून मोजत गेलात तर प्रत्येक खुणेची चूक पुढे साठत जाते.

वायरिंग पहिल्या वेळी एक हंबकर (दोन वेटोळ्यांचा) पिकअप, ५०० किलोओहमचा एक व्हॉल्यूम आणि जॅक एवढंच ठेवा. ब्रिजखालून एक तार ग्राउंडला जोडायला विसरू नका, ती नसेल तर गुणगुण थांबत नाही.

पॉलिश

घरात करायला लाखेचं पॉलिश सर्वांत योग्य. लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवा आणि गाळून घ्या. सुती कापडाची पुरचुंडी करून पातळ थर द्या, दिवसातून दोन-तीन, मध्ये एक दिवस विश्रांती. ज्योतीपासून लांब, खिडक्या उघड्या ठेवून. पावसाळी हवेत हे पॉलिश पांढुरकं पडतं आणि मेमध्ये स्पिरिट इतक्या लवकर उडतं की पुरचुंडी चिकटते. दिवाळीपासून सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या गड्डा यात्रेपर्यंतचे दिवस आपल्याकडे याला उत्तम. अकूस्टिकच्या ब्रेस चिकटवायच्या असतील तर त्याही याच दिवसांत, मीटर ४५ च्या आसपास असताना. पावसाळ्यात चिकटवलेली फळी उन्हाळ्यात हमखास तडकते.

शेवटचा थर दिल्यानंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग जोडणी करा. स्क्रू घालण्याआधी मापाची भोकं पाडा आणि स्क्रूच्या आट्यांना साबण लावा. तारा चढवल्यावर पहिला आठवडा नेक ओढीला सरावत असते. रोज सुरात लावा, पण चावी फिरवू नका. आठवड्याने वर सांगितलेला सेटअप त्याच क्रमाने करा आणि मापांशेजारी त्या दिवसाची आर्द्रता वहीत लिहा. एप्रिल लागला की पुन्हा मोजा. ऋतूबरोबर नेकची वाकण बदलते; सातव्या फ्रेटची फट नाहीशी झाली असेल तर चावी पाव फेरा सैल करा, वाढली असेल तर पाव फेरा घट्ट. पाऊस सुरू होऊन मीटर साठच्या वर गेला की पुन्हा तसंच मोजून चावी जुळवायची.